पर्पेतुआ आणि फेलिसितास : कार्थेजच्या तुरुंगातली साक्ष

किनाराकाठची (धागाकर्ती)

आमच्या धर्मग्रामात रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मी मुलांना धर्मशिक्षण शिकवते. गेल्या रविवारी फादरांनी पहिली युखारिस्तिक प्रार्थना (मिस्सेतली भाकर-द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना) घेतली. एरवी बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी होते, त्यामुळे पहिलीतली संतांची ती लांबलचक नावं मुलांच्या कानावर क्वचितच पडतात. वर्गात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, त्या फेलिसितास आणि पर्पेतुआ कोण? आणि त्यांची नावं जोडीनंच का घेतात?" मी दोन वाक्यांत उत्तर दिलं : दोघी हुतात्मा, त्यांना सिंहांपुढे टाकलं. घरी येईपर्यंत ते उत्तर मला बोचत राहिलं. अपुरं तर होतंच, चुकीचंही होतं. त्यांच्यापुढे सिंह नव्हताच. चवताळलेली गाय सोडली होती.

साल २०३. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराच्या शेजारचं. विबिया पर्पेतुआ साधारण बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, लग्न झालेली. अंगावर पिणारं मूल होतं. तिच्याबरोबर धरलेले चौघे : रेवोकातुस हा गुलाम, त्याच्या जोडीनं गुलामीत असलेली फेलिसितास, सातुर्निनुस आणि सेकुंदुलुस. हे सगळे तेव्हा दीक्षार्थी होते, स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, तयारी करत होते. त्यांना शिकवणारा सातुरुस अटकेच्या वेळी तिथे नव्हता. मागाहून तो आपण होऊन हजर झाला. मीही शिकवते, त्यामुळे इथे मी दर वेळी थांबते. आपण शिकवलेल्यांना त्यापायीच धरून नेलंय, मग तो घरी कसा बसून राहणार?

वडील तिला भेटायला आले. घरात ख्रिस्ती न झालेले ते एकटेच उरले होते असं दिसतं, आणि लेकीवर त्यांचा जीव होता. त्यांनी परोपरीनं समजावलं. तेव्हा तिनं तिथलं एक भांडं दाखवलं.

"बाबा, हे भांडं दिसतंय ना तुम्हांला? ही सुरई म्हणा हवं तर."
"दिसतंय."
"तिला सुरईखेरीज दुसरं काही म्हणता येईल?"
"नाही."
"तशीच मी. मी जी आहे त्याहून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. मी ख्रिस्ती आहे."

त्या शब्दासरशी वडील डोळे उपटून काढावेत तसे तिच्या अंगावर धावून आले. हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय. तुरुंगात, आपल्या हातानं.

त्या तुरुंगाबद्दल ती लिहिते की इतका काळोख तिनं जन्मात पाहिला नव्हता. गर्दी, उकाडा, शिपायांची दांडगाई, आणि या सगळ्यात बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस या ख्रिस्ती मंडळीच्या दोन उपयाजकांनी (धर्मसेवकांनी) पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांना काही तास जरा बऱ्या जागी हलवलं. तिथे तिनं भुकेनं अर्धमेल्या झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि, तिचेच शब्द, तुरुंग एकाएकी राजवाडा झाला, दुसरीकडे कुठे जावंसंच वाटेना.

चौकशीच्या दिवशी वडील बाळाला कडेवर घेऊन आले. न्याय करायला बसलेला हिलारियानुस तिला म्हणाला, बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, लेकराच्या कोवळ्या वयाकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण कर. "नाही करणार." "तू ख्रिस्ती आहेस?" "मी ख्रिस्ती आहे." वडील तरीही तिला मागे खेचत राहिले, तेव्हा हिलारियानुसनं त्यांना छडीनं मारायला लावलं. ती लिहिते की तो मार तिलाच बसल्यासारखं तिला दुखलं.

संतचरित्रांत नातलगांचं दुःख बहुधा दोन ओळींत उरकलेलं असतं. इथे ते प्रत्येक भेटीगणिक वाढत जातं. दुसऱ्या भेटीत म्हातारा बाप तिचे हात चुंबतो, तिच्या पायांशी पडतो, तिला मुलगी न म्हणता 'बाईसाहेब' म्हणतो. ती काही दगड झालेली नाही. तिला तो दिसतो, त्याच्यासाठी तिचं काळीज तुटतं, आणि तरी ती आपलं नाव बदलत नाही. साक्ष म्हणजे काय हे मला इथे कळतं. ग्रीकमधला 'मार्तुस' म्हणजे मुळात साक्षीदार. मरणं हा त्याचा अर्थ नंतर चिकटला.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. तुम्हांला माहीत असेल तेही लिहा.

अनघड

मी ख्रिस्ती नाही, पण एका दमात वाचलं. एक शंका मनापासून विचारतो. रोमन लोकांकडे आधीच ढीगभर देव होते, इजिप्तचे, सिरियाचे देवही त्यांनी घरात घेतले. मग या पाचसहा जणांचं त्यांना एवढं काय वाकडं होतं? आणि दुसऱ्या बाजूनं, चिमूटभर धूप टाकून सुटका होत असेल तर माणूस मनात काहीही ठेवून टाकू शकतो की.

जुनी_लिपी

@अनघड, रोमला तुमच्या मनात कोणता देव आहे याच्याशी फार कर्तव्य नव्हतं. अर्पण ही सार्वजनिक गोष्ट होती. सम्राट सुखरूप, पाऊसपाणी वेळेवर, सरहद्द शांत, हे सगळं देवांच्या मर्जीवर, आणि ती मर्जी सगळ्यांनी मिळून राखायची. एखादा गट म्हणाला की तुमचे देव देवच नव्हेत, तर तो गावावर संकट ओढवतोय असं शेजाऱ्यांना वाटायचं. तेर्तुलियन हा कार्थेजचाच लेखक, याच सुमाराचा. तो म्हणतो, तिबर नदीला पूर आला, नाईलला आला नाही, दुष्काळ पडला, रोगराई आली, की ओरड एकच : ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका!

कायदाही चमत्कारिक होता. इ. स. ११२च्या सुमाराला प्लिनी या सुभेदारानं सम्राट त्रायानला विचारलं की या लोकांचं काय करू. उत्तर आलं : शोधत फिरू नका, कोणी आणून उभे केले आणि त्यांनी कबूल केलं तर शिक्षा करा, नाकारून देवांना अर्पण केलं तर सोडून द्या. गुन्हेगारानं 'मी नाही त्यातला' म्हटलं की सुटका, हे दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात असतं? म्हणजे खटला केलेल्या कृत्याचा नव्हताच, नावाचा होता. धागाकर्तीनं सांगितलेल्या सुरईचा अर्थ इथे उलगडतो. पर्पेतुआनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

कार्थेजमध्ये हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १८० साली १७ जुलैला स्किली गावच्या बारा जणांना तिथेच शिरच्छेदाची शिक्षा झाली. तुमच्या पेटीत काय आहे असं त्यांना विचारलं, तर त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला, पुस्तकं आणि पौल नावाच्या सज्जन माणसाची पत्रं. त्या खटल्याचा वृत्तान्त हा लॅटिनमधला सर्वांत जुना, तारीख माहीत असलेला ख्रिस्ती लेख.

दोन_लेकरांची_आई

मी वाचायला सुरुवात केली आणि बाळापाशी अडकले. रागावून लिहीत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. माझा धाकटा दहा महिन्यांचा आहे. अंगावरच्या बाळाला टाकून मरणाकडे जाणारी आई मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावी का? तिला एक शब्द उच्चारायचा होता. तिनं तो उच्चारला नाही आणि बाळ आईविना वाढलं. देवाला हे हवं होतं?

किनाराकाठची (धागाकर्ती)

ताई, तुमचा प्रश्न मी चार दिवस मनात घोळवला. घाईनं उत्तर देणं बरं वाटलं नाही.

पहिली गोष्ट, तिनं बाळ सहज सोडलं नाही. श्वापदांपुढे टाकायची शिक्षा सुनावल्यावर परत तुरुंगात आली ती लगेच पोम्पोनियुसला वडिलांकडे बाळ आणायला धाडलं. वडिलांनी दिलं नाही. मग ती लिहिते की देवाच्या इच्छेनं बाळानं दूध मागणं सोडलं आणि तिची छातीही दुखली नाही, म्हणजे बाळाची चिंता आणि अंगाचं दुखणं, दोन्हींतून सुटका झाली. जगात दुसऱ्या कुठल्या हुतात्म्याच्या वृत्तान्तात दूध भरून आल्याची भीती लिहिलेली असेल असं मला वाटत नाही. बाईनं लिहिलं म्हणूनच ते आलं.

दुसरी गोष्ट, 'एक शब्द' याविषयी. तिनं तो शब्द उच्चारला असता तर बाळाला आई मिळाली असती, खरंय. पण बाळाला तिच्यापासून तोडलं ते हिलारियानुसनं. लोकांना श्वापदांपुढे टाकणारी व्यवस्था तशीच राहून जाते आणि हिशेब त्या आईलाच द्यावा लागतो, हे मला पटत नाही. आजही तुरुंगात असलेल्या बायकांना हाच प्रश्न विचारला जातो. त्यांना आत टाकणाऱ्यांना क्वचितच.

तरीही तुमचा प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही. तिच्या वडिलांनीही तोच विचारला होता, आणि तिनं तो खोडून न काढता जसाच्या तसा लिहून ठेवला.

नगरकर

आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे संतांचे सण नसतात, पण ही गोष्ट मला आजीनं सांगितलेली. आमच्यात पर्पेच्युआ म्हणतात.

वडिलांचा भाग वाचून मला नगरच्याच माणसांची आठवण झाली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः लिहिलंय. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग १९०० साली स्वतःच्या निर्णयानं आल्या. तिथे जीवावर बेतलेलं नव्हतं, कार्थेजशी बरोबरी करायची नाही. पण माणूस आपलं नाव बदलतो तेव्हा अख्ख्या घराला कसा चरा जातो, हे घरातल्याच बाईच्या लेखणीतून कळावं, हे दोन्हींकडे आहे.

आता फेलिसितासबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. तिला आठवा महिना लागलेला. गरोदर बाईला ठार करायची रोमन कायद्यात मनाई होती, त्यामुळे तिला मागे ठेवतील आणि नंतर कुठल्यातरी खुन्यांच्या जोडीनं मारतील, याचं तिला दुःख होतं. दिवस तीनच उरलेले. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, वेदना फार. पहारेकऱ्यांपैकी एक म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, मग श्वापदांपुढे काय करशील? ती म्हणाली : आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथे माझ्यात दुसरा असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे.

मुलगी झाली. ख्रिस्ती मंडळीतल्या एका बहिणीनं तिला आपली म्हणून वाढवलं.

गुलाम बाई, लिहितावाचता येत असण्याचा संभव कमी. तिची ही एवढीच वाक्यं आपल्यापर्यंत पोचली. मालकिणींच्या वर्गातली पर्पेतुआ आणि ही, दोघींची नावं एका दमात घेतली जातात, यातच मला त्या मंडळीची खरी शिकवण दिसते.

दोन_लेकरांची_आई

@किनाराकाठची, उत्तर वाचलं. दुधाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. अजून पूर्ण पटलेलं नाही, पण मी इथेच आहे, वाचते आहे.

सुगावा

खरंच तिनं लिहिलं हे कशावरून? नंतरच्या कुणी भाविकानं रचलेलं असू शकतं.

जुनी_लिपी

विचारण्याजोगा प्रश्न. मजकुराची एकवीस छोटी प्रकरणं आहेत. सुरुवात आणि शेवट एका संपादकाचा. तीन ते दहा पर्पेतुआची, अकरा ते तेरा सातुरुसचं स्वप्न. संपादकाचं लॅटिन घोटीव आणि पल्लेदार. तिचं लॅटिन छोट्या वाक्यांचं, 'आणि... आणि' करत जाणारं, बोलल्यासारखं. सातुरुसची शैली तिसरीच. काही अभ्यासकांना अजूनही शंका आहे, पण पुष्कळांचा कल हे तिचंच लिखाण मानण्याकडे आहे. तसं असेल तर ख्रिस्ती स्त्रीनं स्वतःबद्दल लिहिलेलं, आपल्याला उपलब्ध असलेलं हे सर्वांत जुनं लेखन ठरतं.

मला पटवतात ते तपशील. एका स्वप्नात काशाची अरुंद शिडी आकाशाला भिडलेली, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लटकलेले, पायथ्याशी अजगर. सातुरुस आधी वर जातो. ती अजगराच्या डोक्यावरच पहिली पायरी ठेवल्यासारखा पाय देऊन चढते. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा मेंढपाळ मेंढ्यांचं दूध काढतोय. तो म्हणतो, आलीस, बाळ, बरं झालं, आणि चीजचा एक घास तिच्या ओंजळीत ठेवतो. आजूबाजूचे 'आमेन' म्हणतात आणि तिला जाग येते तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत असते. रचून लिहिणारा इथे भाकर आणि द्राक्षारस घालेल. चीज घालणार नाही.

दुसरं, तिचा भाऊ दिनोक्रातेस सातव्या वर्षी चेहऱ्याच्या भयंकर रोगानं गेला होता. तो तिला स्वप्नात तहानलेला दिसतो, हौदाचा काठ त्याच्या डोक्याहून उंच. ती त्याच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करते. पुन्हा दिसतो तेव्हा काठ खाली आलेला, पोरगं पाणी पिऊन खेळायला पळतं. पुढच्या शतकांत मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या चर्चेत हा प्रसंग वारंवार आला. ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्याच बिशपला तर बजावून सांगावं लागलं की हा मजकूर पवित्र शास्त्राचा भाग नाही. लोक किती आदरानं वाचत असतील याचा अंदाज त्यावरून येतो.

तिचं शेवटचं वाक्य : आखाड्यातल्या खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं; प्रत्यक्ष खेळात काय घडेल ते कुणाला लिहायचं असेल त्यानं लिहावं.

अनघड

ते शेवटचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. पुढे काय झालं ते कोणीतरी लिहा.

किनाराकाठची (धागाकर्ती)

लिहिते. ७ मार्च. सम्राट सेप्तिमियुस सेवेरुसचा धाकटा मुलगा गेता, त्याच्या वाढदिवसाचे खेळ. सेकुंदुलुस तुरुंगातच वारला होता. आखाड्याच्या दारात पुरुषांना शनिदेवाच्या पुजाऱ्यांचे आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारिणींचे कपडे घालायला सांगितलं. पर्पेतुआ अडून बसली. म्हणाली, असलं काही करावं लागू नये म्हणूनच तर आम्ही जीव द्यायला तयार झालो, तो करार झालाय आपला. अधिकाऱ्याला मानावं लागलं. ती स्तोत्र गात आत गेली.

दोघींना उघडं करून जाळ्यात गुंडाळून आणलं, तेव्हा प्रेक्षकांनाच बघवेना : एक कोवळी पोर, दुसरी नुकती बाळंत झालेली, छातीतून दूध ठिबकतंय. परत नेऊन सैल झगे घातले. गायीनं पर्पेतुआला उडवलं. ती उठून बसली, फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला आणि केसांचा आकडा शोधून सुटलेले केस बांधले. मोकळे केस म्हणजे शोक, आणि हा शोकाचा दिवस आहे असं कुणाला वाटायला नको होतं. मग फेलिसितास पडलेली दिसली, तिला हात देऊन उठवलं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या.

हात देऊन उठवलं, हे मी मुलांना सांगणार आहे. बाकी विसरले तरी चालेल. एका घरंदाज बाईनं भर आखाड्यात गुलाम बाईला हात दिला.

सातुरुसला बिबट्यानं एकदाच चावा घेतला आणि तो रक्तानं न्हाला. पुदेन्स नावाचा तुरुंगाचा अधिकारी एव्हाना ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागला होता. सातुरुसनं त्याच्या बोटातली अंगठी मागून घेतली, आपल्या जखमेत बुडवली आणि खूण म्हणून परत दिली. शेवटी सगळ्यांनी एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. पर्पेतुआच्या वाट्याला नवखा ग्लॅडिएटर आला. पहिला वार हाडावर बसला, ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात तिनं स्वतः धरून आपल्या गळ्यावर नेला.

सुगावा

त्या गेताचं पुढे काय झालं ते सांगतो. २११ साली बाप वारला आणि त्याच वर्षी सख्ख्या भावानं, काराकाल्लानं, गेताचा खून करवला. मग फर्मान निघालं की गेताचं नाव आणि चेहरा साम्राज्यभर पुसून टाका. शिलालेखांवरून नाव छिन्नीनं खरवडलेलं आजही दिसतं. ज्याच्या वाढदिवसासाठी यांना मारलं त्याचं नाव त्याच्याच घरच्यांनी खोडलं. त्या दिवशी मेलेल्या गुलाम बाईचं नाव परवाच्या रविवारी सातवीतल्या मुलीला ऐकू आलं. विचारलेला प्रश्न मी मागे घेत नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वाळूचा_कण

कामानिमित्त ट्युनिसला होतो तेव्हा ते अँफिथिएटर पाहिलंय. कोलोसियमसारखं उंच काही उभं नाही, दगड शतकानुशतकं लोकांनी नेले. झाडांच्या मधोमध आखाड्याचा लंबगोल तेवढा उरलाय, त्यात एक खांब आणि हुतात्म्यांची आठवण म्हणून छोटं प्रार्थनास्थळ. मी गेलो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. ही कथा तेव्हा माहीत असती तर जरा जास्त थांबलो असतो.

जुनी_लिपी

त्याच परिसरात १९०७ साली देलात्र या फ्रेंच मिशनरी उत्खननकर्त्याला एका मोठ्या बासिलिकेच्या (जुन्या चर्चच्या) अवशेषांत संगमरवरी पाटीचे तुकडे सापडले. जोडले तर पर्पेतुआ आणि तिच्या साथीदारांची नावं निघाली. त्यांचं स्मरण कार्थेजपुरतं राहिलं नाही. ३५४ सालच्या रोमच्या पंचांगात ७ मार्चला दोघींची नोंद आहे, पुढे 'आफ्रिका' असं लिहून. इटलीतल्या रावेन्नाच्या सहाव्या शतकातल्या मोज़ेकमध्ये त्या आहेत. ऑगस्टीननं त्यांच्या सणाला प्रवचनं केली, आणि दोघींची नावं जोडली की 'शाश्वत सुख' असा अर्थ होतो यात तो रमून गेलेला दिसतो. पुढे ६९८ साली कार्थेज अरबांच्या हाती गेलं आणि कालांतरानं तिथली मंडळी जवळपास नाहीशी झाली. लॅटिन मजकूर सतराव्या शतकात इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या मठात पुन्हा हाती लागला, ग्रीक १८८९ साली जेरुसलेममध्ये.

नगरकर

मराठीत हे पूर्ण आहे का? संक्षेप ऐकलेत, पण तिच्या शब्दांत, प्रकरणागणिक?

किनाराकाठची (धागाकर्ती)

माझ्या पाहण्यात नाही. एकवीसच प्रकरणं आहेत, काही तर अर्ध्या पानाची. आपणच इथे करूया का? @जुनी_लिपी लॅटिन तपासून देणार असाल तर मी तिसरं घेते, सुरईचं. पुढच्या रविवारी वर्गात वाचता येईल.

जुनी_लिपी

तपासून देतो. स्वप्नं मी करतो, चौथं आणि सातवं-आठवं.

नगरकर

पंधरावं माझं. फेलिसितासचं.

दोन_लेकरांची_आई

सहावं कुणी घेतलंय का? ज्यात आजोबा बाळाला घेऊन येतात आणि नंतर परत देत नाहीत. मला लॅटिन येत नाही, पण शब्दशः अर्थ कुणी दिला तर मराठी मी करीन. ते माझ्याकडे द्या.

जुनी_लिपी

आज रात्री ओळवार अर्थ पाठवतो, ताई. एक अडचण आधीच सांगून ठेवतो : बाळाचं नाव मजकुरात कुठेच नाही.

दोन_लेकरांची_आई

चालेल. पाठवा.